रंग नंतर, कड आधी: ओटा आणि बाल्कनीसाठी अल्ट्रा कॉम्पॅक्ट स्लॅब निवडताना

दुकानातला प्रयोग ठरलेला असतो. सेल्समन स्लॅबवर गॅसचा टॉर्च धरतो, मग सुरी कराकरा ओढतो, मग मार्करने रेघ मारून ती पुसून दाखवतो. स्लॅबला काहीच होत नाही. बघायला आलेले नवरा-बायको एकमेकांकडे पाहतात आणि विषय थेट रंगावर जातो: पांढरा घ्यायचा की राखाडी, शिरांचा की साधा.

मुंबई-ठाण्यात लोकांची स्वयंपाकघरं करून देताना हा प्रयोग मी इतक्या वेळा पाहिलाय की सेल्समनचं पुढचं वाक्य मीच म्हणू शकेन. त्यात फसवणूक काही नाही. फक्त तो स्लॅबच्या मधोमध केलेला असतो, आणि हा माल मधोमध सहसा मोडत नाही. तो मोडतो कडेला, सिंकच्या कोपऱ्यात, नळाच्या भोकापाशी. म्हणजे जिथे कुणीतरी तो कापलेला असतो तिथे. त्यामुळे पुढे रंगाबद्दल फारसं काही सापडणार नाही. कापणं, आधार देणं आणि बसवणं याबद्दल बरंच सापडेल.

आधी माल ओळखा

चिकणमाती, फेल्डस्पार, सिलिका आणि रंगासाठी धातूंची ऑक्साइडं, या सगळ्याची कोरडी भुकटी हजारो टनांच्या दाबाखाली दाबतात आणि भट्टीत १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात. भुकटीचे कण एकमेकांना चिकटून एकजीव होतात. आत पाणी शिरायला जवळजवळ जागाच उरत नाही, म्हणून नाव ‘अल्ट्रा कॉम्पॅक्ट’. याच कुळातल्या मालाला ‘सिंटर्ड स्टोन’ असंही म्हणतात. इटलीची लॅमिनाम २००१ पासून मोठे, पातळ स्लॅब करते आहे. स्पेनच्या कोसेंटिनोने डेक्टॉन २०१३ मध्ये बाजारात आणला. आपल्याकडे गुजरातच्या मोरबीत आता ८ फूट, साडेदहा फूट लांबीचे स्लॅब निघतात आणि मुंबईत येणारा बराचसा माल तिथलाच असतो.

क्वार्ट्झ हा वेगळा प्रकार, आणि लोकांचा घोटाळा इथेच होतो. क्वार्ट्झमध्ये दगडाचा चुरा रेझिनने, म्हणजे एका तऱ्हेच्या प्लॅस्टिकनेच, बांधलेला असतो. दगड उष्णता सोसतो, रेझिन सोसत नाही. दीडशे अंशांच्या वरचं भांडं थेट टेकलं की डाग पडू शकतो, आणि पुऱ्या तळून उतरवलेली कढई त्याहून नक्कीच गरम असते. उन्हात तेच रेझिन पिवळं पडतं. म्हणून बाल्कनीत क्वार्ट्झ नको, कितीही गोड दिसला तरी नको. अल्ट्रा कॉम्पॅक्टमध्ये रेझिन नसतं, त्यामुळे ऊन आणि आच या दोन्ही बाबतीत तो बिनघोर.

दुकानात मात्र मोठी लादी, जीव्हीटी (ग्लेझ्ड व्हिट्रिफाइड टाइल), पोर्सेलिन स्लॅब, सिंटर्ड स्टोन अशी सगळी नावं एकमेकांच्या जागी वापरली जातात. नावावरून वाद घालू नका. तीन गोष्टी कोटेशनवर लिहून मागा: जाडी किती मिलिमीटर, पाणी शोषण किती टक्के, आणि कंपनी हा माल ओट्यासाठी वापरायला सांगते की फक्त भिंतीसाठी आणि फ्लोअरिंगसाठी. पाणी शोषण ०.५ टक्क्याच्या खाली असलं की तो पोर्सेलिन. चांगला अल्ट्रा कॉम्पॅक्ट त्याच्याही बराच खाली असतो. ९ मिलिमीटरची भिंतीची लादी ‘सिंटर्ड’ म्हणून ओट्यावर बसवलेली मी पाहिली आहे. पहिल्या महिन्यात ती सुंदर दिसत होती.

तुम्हाला तो खरंच हवा आहे का

हे वाचून माझ्या धंद्यातले लोक चिडतील, पण मुंबईतल्या बऱ्याच घरांना २० मिलिमीटरचा काळा ग्रॅनाइट पुरतो. तो स्वस्त आहे, कुठल्याही मिस्त्रीला कापता येतो, कडेचा टवका उडाला तरी घासून पॉलिश करता येतो. भाड्याचं घर असेल, इमारत पुढेमागे रिडेव्हलपमेंटला जाणार असेल, किंवा ओट्यावर रोज नारळ फुटत असेल, तर ग्रॅनाइटच घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगली चिमणी बसवा.

अल्ट्रा कॉम्पॅक्टचे पैसे वसूल होतात ते तीन ठिकाणी. फिकट रंगाचा ओटा हवा आहे आणि घरात हळद, आमसूल, कालवण सगळं चालतं; पांढऱ्या संगमरवराचं तिथे काय होतं ते वेगळं सांगायला नको. दुसरं, ओट्याला किंवा सर्व्हिस काउंटरला थेट ऊन लागतं: पश्चिमेची खिडकी, बाल्कनी, गच्चीवरचा बार्बेक्यू. तिसरं, वजन कमी ठेवायचं आहे. १२ मिलिमीटरच्या स्लॅबचं वजन चौरस मीटरला साधारण ३० किलो भरतं, तर २० मिलिमीटर ग्रॅनाइटचं ५४ च्या आसपास. जुन्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर जिन्याने माल चढवायचा असेल, तर हा फरक खांद्याला कळतो.

नमुना घरी आणा आणि हाल करा

चार-सहा इंचांचा तुकडा दुकानदार देतो. देत नसेल तर दुसरं दुकान बघा. तो तुकडा तुमच्याच स्वयंपाकघरात आठवडाभर वापरा. तेलात कालवलेली हळद रात्रभर ठेवा. लिंबाची फोड उपडी ठेवा. स्टीलच्या वाटीचं बूड जोरात घासा.

वाटीची परीक्षा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मॅट आणि खरबरीत फिनिशवर वाटीने करड्या रेघा उठतात आणि माणूस घाबरतो की ओरखडा पडला. बहुतेक वेळा तो ओरखडा नसतो. स्लॅब इतका टणक असतो की वाटीचं स्टील झिजून त्यावर लागतं, पाटीवर पेन्सिल उमटावी तसं. क्रीम क्लीनरने ते निघतं, पण रोज काढायची तयारी आहे का ते आत्ताच ठरवा. चकचकीत पॉलिशची वेगळी तक्रार. भट्टीतून निघालेला मूळ पृष्ठभाग घट्ट मिटलेला असतो. पॉलिश करताना तो घासला जातो आणि सूक्ष्म छिद्रं उघडी पडतात. म्हणून याच मालाच्या मॅटपेक्षा पॉलिशवर डाग आणि बारीक चरे थोडे लवकर दिसतात. ओट्यासाठी माझी पसंती हाताला रेशमी लागणाऱ्या मॅटला. चकाकी हवीच असेल तर ती डॅडोवर, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीवरच्या लादीवर, घ्या, तिथे कुणी भांडी घासत नाही.

तुकड्याची कडही नीट बघा. वरच्या शिरा छापलेल्या असतात आणि बऱ्याच स्लॅबमध्ये त्या आत जात नाहीत. कापल्यावर कड साधी, एकरंगी निघते. काही मालात आतला रंग वरच्या रंगाशी जुळता असतो, त्याला दुकानात ‘फुल बॉडी’ म्हणतात. पुढे कधी टवका उडाला तर आत पांढरंफटक दिसणार की जुळतं रंगरूप, हे या तुकड्यावरूनच समजतं.

मग पूर्ण स्लॅब बघायला गोदामात जा. भिवंडीपर्यंत जायचा कंटाळा येतो, पण फोनवरच्या फोटोवर स्लॅब पसंत करू नका. स्लॅब उभा असताना एका टोकाला डोळा लावून लांबीच्या दिशेने बघा, बाक असेल तर लगेच दिसतो. एकाहून जास्त स्लॅब लागणार असतील तर सगळे एकाच बॅचचे घ्या आणि बॅच नंबर बिलावर लिहून घ्या.

एका स्लॅबचं गणित

हे गणित घरी कागदावर करा, कारण दुकानात तुमच्याकडून पूर्ण स्लॅबचे पैसे घेतात आणि उरलेला तुकडा बहुधा तिथेच राहतो.

३२०० बाय १६०० मिलिमीटरचा स्लॅब म्हणजे साधारण साडेदहा फूट बाय सव्वापाच फूट, ५५ चौरस फूट. चारही बाजूंनी पंधरा-पंधरा मिलिमीटर काढून टाकावे लागतात. का, ते पुढे येईल. राहिले ३१७० बाय १५७०. तुमचा सरळ ओटा १० फूट लांब आणि २ फूट खोल आहे, म्हणजे ६१० मिलिमीटर. डॅडो तेवढाच उंच घेतला तर आणखी ६१०. उरले ३५०. त्यातून समोरच्या दर्शनी पट्टीसाठी ४० गेले आणि ब्लेडने प्रत्येक कापात तीन-चार मिलिमीटर खाल्ले. तरीही एक फूट रुंद, दहा फूट लांब पट्टी हातात राहते. बाल्कनीच्या कठड्यालगत कुंड्या ठेवायला किंवा चहाचे कप टेकवायला ती उत्तम. ओट्याचं माप देतानाच ती पट्टी मागून घ्या. नंतर मागितली की ‘ती तर तुटली’ असं उत्तर येतं.

एल आकाराच्या ओट्याला हे गणित लागू नाही. तिथे एक जोड येतोच, आणि तो कुठे यायला हवा हे तुम्ही सांगायचं, कारागिराने नव्हे. शेगडीखाली नको, सिंकजवळ नको. जोड इपॉक्सीने, म्हणजे रेझिनच्या गोंदाने, भरतात. स्लॅब आच सोसत असला तरी इपॉक्सी सोसत नाही.

लिफ्टचा प्रश्न

दहा फुटी तुकडा मुंबईतल्या बहुतेक सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये मावत नाही, तिरका धरूनही नाही. त्यामुळे ऑर्डर देण्याआधी लिफ्टच्या दाराची उंची, आतली खोली आणि जिन्याच्या वळणावरची जागा टेपने मोजा. १० फूट बाय २ फुटांचा १२ मिलिमीटरचा तुकडा ५५ किलोंच्या आसपास भरतो. जिन्याने दोघं उचलू शकतात, पण वळणावर तिसरा माणूस लागतोच. तुकडा कायम उभा, कडेवर न्यायचा. आडवा धरला की स्वतःच्याच वजनाने वाकतो. सिंकचं भोक आधीच पाडलेलं असेल, तर भोकाच्या दोन्ही बाजूंच्या अरुंद पट्ट्यांना लाकडी पट्टी क्लॅम्पने बांधून मगच हलवायचा.

सोसायटीची परवानगी, डिपॉझिट, कामाच्या वेळा आणि डेब्रिज कुठे टाकायचं, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहेच. एकच आठवण: पाइप गॅस असेल तर जुना ओटा फोडण्याआधी गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडून लाइन बंद करून आणि हलवून घ्या. प्लंबरला ते काम देऊ नका.

कापणारा हात

आता मुख्य मुद्दा. भट्टीतून निघालेल्या स्लॅबमध्ये, विशेषतः कडांच्या बाजूला, ताण साठलेला असतो. म्हणून जाणता फॅब्रिकेटर, म्हणजे स्लॅब कापून घडवून देणारा, आधी चारही कडांच्या पट्ट्या कापून टाकतो आणि मग मापाचे काप घेतो. वर ते पंधरा मिलिमीटर सोडले ते याचसाठी. ही पायरी गाळली तर काप घेता घेता स्लॅब मध्येच चिरतो, किंवा त्याहून वाईट, त्या दिवशी चिरत नाही.

प्रभादेवीच्या एका घरी हे मी जवळून पाहिलं. कारागीर ग्रॅनाइटमध्ये मुरलेला, हात सफाईदार. हॉबचा (ओट्यात बसवायच्या शेगडीचा) कटआउट, म्हणजे त्यासाठीचं भोक, त्याने साइटवरच, ग्रॅनाइटच्या ब्लेडने, हातातल्या ग्राइंडरवर कापला. चारही कोपरे अगदी गुण्यात, नव्वद अंशांत. काम बघून काकू खूश झाल्या, त्याला चहाबरोबर चकल्याही दिल्या. बाराव्या दिवशी त्यांचा फोन आला: “अहो, केस पडलाय का बघा बरं, पुसला जात नाहीये.” केस नव्हता. हॉबच्या उजव्या कोपऱ्यातून निघालेली चीर होती, तिरकी, पुढच्या कडेपर्यंत गेलेली. नखाला जेमतेम लागत होती.

काटकोनी आतला कोपरा म्हणजे ताणाला दिलेलं आमंत्रण. आतला प्रत्येक कोपरा गोल हवा. त्रिज्या किमान ५ मिलिमीटर, मी १० मागतो. पद्धत अशी: आधी चारही कोपऱ्यांत कोअर बिटने गोल भोकं पाडायची, मग एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत कापायचं. ब्लेड या मालासाठीच बनवलेलं, अखंड कडेचं डायमंड ब्लेड हवं आणि कापताना पाणी सुरू हवं. वॉटरजेट मशीन असलेला फॅब्रिकेटर मिळाला तर उत्तमच, कटआउट तिकडेच करून घ्या.

कटआउट आणि कड यांच्यात किती पट्टी उरते? ५० मिलिमीटर हा किमान आकडा धरा. आता २ फुटी ओट्यावर १८ इंच रुंद सिंक ठेवून बघा. ६१० मधून ४५७ गेले, उरले १५३, म्हणजे पुढे-मागे प्रत्येकी तीन इंच. ठीक आहे. पण मागच्या तीन इंचांत तुम्ही नळासाठी ३५ मिलिमीटरचं भोक पाडलंत, की दोन्ही बाजूंना जेमतेम वीस-वीस मिलिमीटर उरतात. तिथेच पुढे तुटतं. म्हणून भिंतीतून येणारा साधा सिंक कॉक घ्या. ओट्यावर उभा राहणारा, हंसाच्या मानेचा नळ हवाच असेल तर ओटा २६ इंच खोल करा आणि स्लॅबचं वरचं गणित पुन्हा मांडा.

हॉबचं म्हणाल तर माझं मत जुनाट आहे. ओट्यावर ठेवायची शेगडी घ्या. एक मोठा कटआउट वाचतो आणि शेगडी उचलून खाली पुसताही येतं.

पुढची कड कशी हवी ते वेगळं सांगावं लागतं. १२ मिलिमीटरचा ओटा समोरून बारीक दिसतो, म्हणून दोन तुकडे ४५ अंशांत कापून, जोडून दीड इंचाची जाड कड दाखवतात. छान दिसते. पण ४५ची धार म्हणजे सगळ्यात पातळ जागा. कारागिराला सांगा की टोक धारदार ठेवू नकोस, दोन मिलिमीटर घासून बोथट कर. सिंकभोवतीची कडही तशीच बोथट करून घ्या. कुकर धुताना त्याचा कान नेमका तिथेच आपटतो.

फॅब्रिकेटर निवडताना त्याला विचारा की याच मालाचं शेवटचं काम कुठे केलं, आणि शक्य असेल तर ते घर जाऊन बघा. तिथे ओट्याचा मधला भाग बघू नका. सिंकच्या आतल्या कोपऱ्यांवरून बोट फिरवा.

एक गोष्ट धुळीची. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून रेझिनच्या कृत्रिम दगडावर बंदी घातली, कारण तो कापणाऱ्या कामगारांना सिलिकाच्या धुळीने फुप्फुसाचा सिलिकोसिस होत होता. रेझिन नसलेले सिंटर्ड स्टोन आणि पोर्सेलिन त्या बंदीबाहेर आहेत. पण त्यांच्यातही सिलिका असतोच. तुमच्या पॅसेजमध्ये तोंडाला रुमाल बांधून कोरडा ग्राइंडर चालवणाऱ्या मुलाला थांबवा. पाणी लावून काप म्हणावं, आणि चांगला मास्क आपल्या पैशाने आणून द्या. तो म्हणेल, “सवय आहे साहेब.” तरीही द्या.

खाली काय आहे

जुन्या घरांत कडाप्प्याच्या उभ्या फळ्यांवर आडवा कडाप्पा आणि त्यावर ओटा अशी रचना असते. तो कडाप्पा शाबूत आणि लेव्हलमध्ये असेल तर काढू नका, त्याच्याइतका भरवशाचा आधार शोधून मिळत नाही. ट्रॉल्यांच्या मॉड्युलर किचनमध्ये बॉक्सवर पाणी सोसणारा बीडब्ल्यूपी प्लाय, आयएस ७१० या भारतीय मानकाचा, टाकून त्यावर स्लॅब बसवतात. प्लायच्या कापलेल्या कडा, विशेषतः सिंकभोवतीच्या, सील करून घ्या. नाहीतर प्लाय फुगतो आणि स्लॅबला खालून ढकलतो.

दोन मीटरची लेव्हल पट्टी घेऊन स्वतः तपासा. पट्टीखाली दोन मिलिमीटरची फट दिसली तर स्लॅब टेकू देऊ नका. १२ मिलिमीटरच्या स्लॅबला पोकळी चालत नाही; वरून गच्च भरलेला पाच लिटरचा कुकर आदळला की स्लॅब नेमका पोकळीवर तडकतो. चिकटवायला लवचीक सीलंटचे ठिपके घाला. सिमेंटच्या गोळ्यांवर बसवणं ही फरशीची सवय आहे, इथे नको. भिंत आणि स्लॅब यांच्यात दोन-तीन मिलिमीटर जागा सोडून ती सिलिकॉनने भरा.

बाल्कनी आणि गच्ची

उन्हाचा प्रश्न मालाने सोडवलेला असतो. राहतात पाणी, मीठ आणि हलणं. सांताक्रूझला वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत, तोही वाऱ्यासोबत तिरका.

फ्लोअरिंगवरच नवीन स्लॅब चढवणार असाल तर आधी स्लायडिंग दाराचा उंबरा मोजा. ९ मिलिमीटरचा स्लॅब आणि ६ मिलिमीटर चिकटवण, म्हणजे फरशी दीड सेंटिमीटर वर येते. उंबरा तेवढाच असेल तर पहिल्याच जोराच्या सरीत पाणी दिवाणखान्यात. उतार मीटरला एक सेंटिमीटर तरी पाणी जायच्या जाळीकडे हवा, आणि तो खालच्या कोब्यात करून घ्यायचा. मोठा स्लॅब वाकवून उतार देता येत नाही. जुनी फरशी फोडणार असाल तर वॉटरप्रूफिंग नव्याने करून घ्या आणि जाळी बंद करून पाणी साठवून बघा, नाहीतर खालचे शेजारी पावसाळ्यात वर येतील.

पायाखाली पॉलिश अजिबात नको. नाव सांगताना ‘अँटिस्किड’ एवढ्यावर थांबू नका, आर रेटिंग मागा, म्हणजे न घसरण्याची श्रेणी; आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त. उघड्या, भिजणाऱ्या जागेला आर ११ बरा. आर १० निवाऱ्यातल्या बाल्कनीला चालेल. फार खरबरीत घेतलात तर घासताना त्रास होतो. कबुतरांची कृपा असलेल्या बाल्कनीत हे लवकरच समजतं.

सांधे ठेवण्यावरून कारागीर हुज्जत घालतात, त्यांना बिनसांध्याचं काम दाखवायचं असतं. त्यांना हा आकडा सांगा. हा माल एका अंशाला दर मीटरमागे साधारण साडेसहा मायक्रॉन फुगतो. तीन मीटरचा गडद स्लॅब पहाटे २५ अंशांवर आणि दुपारी ६५ वर गेला, की ०.८ मिलिमीटर लांब होतो. खालचं काँक्रीट वेगळ्या चालीने हलतं. म्हणून बाहेर किमान ३ मिलिमीटरचे सांधे, आणि भिंतीलगत व दाराच्या पट्टीलगत सिलिकॉनचा लवचीक सांधा. चिकटवायला पॉलिमर असलेलं लवचीक अ‍ॅडेसिव्ह, पॅकेटवर एस १ किंवा एस २ (लवचीकपणाच्या श्रेणी) लिहिलेलं. ते फरशीला आणि स्लॅबच्या पाठीला, दोन्हीकडे दातेरी थापीने लावायचं. स्लॅब बसल्यावर बोटाच्या पेराने ठोका. पोकळ आवाज आला तर तो त्याच दिवशी उचलायला लावा, दुसऱ्या दिवशी उचलला जात नाही. आणि रंग गडद निवडू नका. मे महिन्यातल्या दुपारी काळ्या फरशीवर अनवाणी वाळवण घालायला जाऊन बघा, मग पटेल.

बाहेरच्या काउंटरला खाली सांगाडा लागतो. लोखंडाच्या चौकटीला रंग मारून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. वरळी, दादर चौपाटी, वर्सोवा अशा खाऱ्या वाऱ्यात रंगाखालून गंज चढतो, गंजलेलं लोखंड फुगतं आणि स्लॅब खालून उचलला जातो. स्टेनलेस स्टील घेताना ३०४ आणि ३१६ मधला फरक विचारा; ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं आणि ते मिठाला जास्त दाद देत नाही. समुद्राला लागून असाल तर ३१६, आत घाटकोपर-मुलुंडला असाल तर ३०४ने भागतं.

बाहेरच्या भिंतीवर मोठे स्लॅब लावायचे असतील तर नुसत्या अ‍ॅडेसिव्हवर सोडू नका. मागून धातूच्या क्लिपांनी पकडलेले हवेत, आणि हे काम सोसायटीच्या व स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या परवानगीशिवाय करायचं नाही. बाहेर लटकणाऱ्या जुन्या बाल्कनीवर वजन वाढवण्याआधीही इंजिनिअरला विचारा. तिथे माझं मत काही कामाचं नाही.

पैसे देताना

कोटेशन कधीही ‘चौरस फुटाला इतके’ एवढ्यावर घेऊ नका. स्लॅब, कापणी, प्रत्येक कटआउट, कडेचा रनिंग फूट, जिन्याची चढाई, बसवणी, सगळं वेगवेगळं लिहून घ्या. दोन दुकानांचे दर सारखे वाटतात आणि कडेच्या कामात मोठी तफावत निघते. मुख्य वाक्य एक: नेताना किंवा बसवताना स्लॅब फुटला तर भरपाई कोणाची? प्रभादेवीला हे लिहिलेलं नव्हतं. दुकानदार म्हणाला कारागिराची चूक, कारागीर म्हणाला मालाची. शेवटी काकूंनी अर्ध्या ओट्याचे पैसे पुन्हा दिले. शेवटचा हप्ता महिन्याभराने द्यायचा असं ठरवता आलं तर ठरवाच. तोवर ओट्यावर रोजचा स्वयंपाक झालेला असतो आणि चीर निघायची असली तर बहुधा निघते.

रोजचं

सीलर मारायची गरज नाही. कुणी दरवर्षी सीलिंगचं पॅकेज विकत असेल तर हसून सोडून द्या. साधा साबण आणि पाणी पुरतं. सांध्यातल्या इपॉक्सीवर अ‍ॅसिड ओतू नका. बसवल्यावर राहिलेले ग्राउटचे पांढरट फराटे पहिल्या दोन-तीन दिवसांतच काढून घ्या, लोकांना ते स्लॅबचे डाग वाटतात.

ओट्यावर थेट चिरू नका, ओट्याला काही होणार नाही पण सुरीची धार दोन दिवसांत जाईल. नारळ मात्र ओट्याच्या कडेवर नाही म्हणजे नाही. आमच्या घरी नवीन ओटा बसल्यावर हे मी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, “मग फोडू कुठे, तुझ्या डोक्यावर?” जुना पाटा माळ्यावरून खाली काढला आणि मोरीत ठेवला. वरवंटा सापडला नाही.

कामाचा एक फूटभर तुकडा, मागे बॅच नंबर लिहून, सिंकखालच्या कपाटात ठेवून द्या. टवका उडाला तर दुरुस्तीवाला त्याच्यावरच इपॉक्सीचा रंग जुळवून बघतो.